एका ‘ग्रेव्ही’ची गोष्ट: इंग्रजीचा हेल आपल्यापर्यंत का पोचला नाही

नागपूरच्या प्रताप नगरातून, नेहमीसारखाच पंखा बंद करून आणि खिडकी लावून, आजचा भाग सुरू करतो. विमानतळ इथून जवळच आहे, त्यामुळे मधेच एखादं विमान घरघरलं तर सांभाळून घ्या. (वाचणाऱ्यांसाठी: ऑडिओत जिथे मी आवाज चढवलाय तिथे कंसात ‘वर’ आणि जिथे उतरवलाय तिथे ‘खाली’ असं लिहिलंय. ते मोठ्यानं म्हणून बघा. हा भाग नुसता डोळ्यांनी वाचून कळायचा नाही.)

आजची गोष्ट एका शब्दाची. शब्द आहे ‘ग्रेव्ही’.

१९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांचं कॅन्टीन होतं. तिथे वाढण्याच्या कामावर काही भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं लागल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्यांच्याबद्दल तक्रारी सुरू झाल्या. या बायका तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत, असं त्यांचे सुपरवायझर म्हणायचे, आणि विमानात सामान चढवणारे जे कामगार तिथे जेवायला यायचे तेही तेच म्हणायचे. गंमत म्हणजे या बायका फार काही बोलतच नव्हत्या. शिवी नाही, भांडण नाही. दिवसभरात दोन-चार शब्द.

त्यातला एक शब्द ‘ग्रेव्ही’. ताटात मटण घेतलं की वाढणाऱ्या बाईनं विचारायचं, वर ग्रेव्ही हवी का. ब्रिटिश बाई विचारायची, ‘ग्रेव्ही?’ (वर). आपल्या बायका म्हणायच्या, ‘ग्रेव्ही.’ (खाली). शब्द तोच, उच्चारही समजण्यासारखा, फरक फक्त शेवटी आवाज कुठे गेला एवढाच. पण ब्रिटिश कानाला पहिलं वाक्य ऐकू यायचं ‘तुम्हाला ग्रेव्ही वाढू का?’ असं, आणि दुसरं ऐकू यायचं ‘ही ग्रेव्ही आहे. घ्यायची तर घ्या.’

हे प्रकरण ज्यांनी उलगडलं ते जॉन गम्पर्झ. जन्म १९२२, जर्मनीत, ज्यू कुटुंबात. हिटलरच्या काळात देश सुटला, पुढे अमेरिकेत बर्कलीला प्राध्यापक झाले. माणूस पुस्तकी नव्हता, १९५० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या खालापूर नावाच्या खेड्यात राहून काम करून गेलेला होता. कॅन्टीनमधल्या संभाषणांचं रेकॉर्डिंग झालं. मग दोन्ही गटांतल्या बायकांचं बोलणं एकापाठोपाठ एक लावून सगळ्यांना ऐकवलं. आपल्या बायका आधी म्हणाल्या, दोन्हीत फरक काहीच नाही, दोघी एकच तर म्हणताहेत! आणि त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या. त्यांच्या भाषेच्या सवयीप्रमाणे असं विचारायची ती साधी, नेहमीची पद्धत होती. ब्रिटिश मंडळींना मात्र फरक लगेच ऐकू आला, फक्त त्यांनी तोवर त्याला ‘सूर’ म्हटलं नव्हतं, ‘स्वभाव’ म्हटलं होतं.

मला या गोष्टीतला पुढचा तुकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, जो इंटरनेटवर ही गोष्ट सांगताना बरेच जण गाळतात. त्या बायकांनाही बऱ्याच दिवसांपासून जाणवत होतं की आपल्याशी लोक नीट वागत नाहीत. कारण कळत नव्हतं, म्हणून त्यांनी धरून चाललं होतं की हा भेदभाव आहे. म्हणजे एका बाजूला ‘या उर्मट आहेत’ आणि दुसऱ्या बाजूला ‘हे आपला राग करतात’. दोन्हीकडे राग खरा, आणि मधे आवाजाची इवलीशी घसरण. गम्पर्झनी हे उदाहरण १९८२ साली आपल्या ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ या पुस्तकात मांडलं. त्याआधी १९७९ मध्ये बीबीसीनं ‘क्रॉसटॉक’ नावाचा कार्यक्रम केला होता, गम्पर्झ आणि ब्रिटनमध्ये स्थलांतरित कामगारांना भाषा शिकवणारी मंडळी यांच्या कामावर. भेदभाव नव्हताच असं गम्पर्झ म्हणत नाहीत, हेही लगेच सांगून टाकतो. ते म्हणतात की भेदभावाला असले गैरसमज रोज नवं खाद्य पुरवतात.

आता आपल्याकडे या.

मराठीत या आवाजाच्या चालीला सुंदर शब्द आहे: हेल. ‘हेल काढून बोलतो’ असं आपण म्हणतो. कोकणातला हेल वेगळा, कोल्हापूरचा वेगळा, आमचा नागपूरचा तर तिसराच. पुण्याच्या माणसाला आम्ही नागपूरकर कायम भांडतोय असं वाटतं आणि आम्हाला पुण्याचा माणूस कायम परीक्षा घेतोय असं वाटतं. दोघंही फक्त ‘कुठे चालला?’ विचारत असतात. म्हणजे ग्रेव्हीची गोष्ट समजायला विलायतेला जायची गरज नाही, विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं तरी पुरे.

पण मराठीकडे एक सोय आहे जी इंग्रजीकडे नाही. ‘का’. वाक्याच्या शेवटी ‘का’ लागला की प्रश्न झाला. ‘तर्री टाकू का?’ हे तुम्ही आवाज वर नेऊन म्हणा, खाली आणून म्हणा, झोपेत म्हणा, प्रश्न प्रश्नच राहतो. आणि आदर, आर्जव, लाडीगोडी यांसाठी तर आपल्याकडे बारीक बारीक शब्दांचं दुकानच आहे: ‘जरा’, ‘ना’, ‘की’, ‘हं’, ‘बरं का’. विदर्भात वर ‘जी’ आहे. ‘घेता का जी?’ म्हटलं की काम फत्ते. शिवाय ‘घे’ आणि ‘घ्या’ यांतच नातं सांगून होतं. इंग्रजीत ‘यू’ एकच. आजोबाही यू आणि कुत्राही यू. मग तो सगळा भार कोण उचलणार? काही ‘प्लीज’, ‘वुड यू’ वगैरे उचलतात, पण बराचसा भार आवाजाची चढउतार उचलते.

मराठीतही एकटा शब्द टाकून विचारलं तर आवाज चढतोच, हे खरं. आयटी पार्कच्या रस्त्यावर पोह्याच्या ठेल्यावर भाऊ विचारतो, ‘तर्री?’ (वर). पण समजा त्यानं थकून ‘तर्री.’ (खाली) म्हटलं, तर आपण त्याला उर्मट म्हणतो का? नाही. हातात पळी आहे, समोर पोहे आहेत, आणि मुख्य म्हणजे तो आपला माणूस आहे. आपल्या माणसाला सूर माफ असतो. परक्याला नसतो.

इंग्रजीचा ढोबळ हिशोब असा: आवाज खाली आला म्हणजे ‘माझं सांगून झालं, हे असं आहे’. आवाज वर राहिला म्हणजे ‘अजून संपलेलं नाही’ किंवा ‘आता तू बोल’. प्रश्न म्हणजे नेहमी वर, हा नियम क्लासमध्ये सर्रास सांगतात, पण तो अर्धाच खरा आहे. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं तो प्रश्न सहसा वर जातो: ‘आर यू रेडी?’ (वर). पण ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’ने सुरू होणारा साधा प्रश्न बहुतेक वेळा खाली उतरतो: ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ (खाली). तो तुम्ही वर नेलात तर ‘काय म्हणालात, कुठे राहता?’ असा पुन्हा विचारल्याचा वास येतो, किंवा लहान मुलाशी बोलल्यासारखं वाटतं.

सुराने अर्थ उलटतो हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत होतं. पतंजलीच्या महाभाष्यात एक प्रसिद्ध दाखला आहे. त्वष्ट्याच्या मुलाला इंद्रानं मारलं. त्वष्ट्यानं यज्ञ केला, इंद्राला मारणारा मुलगा हवा म्हणून. मंत्रात शब्द होता ‘इंद्रशत्रु’. वैदिक संस्कृतात शब्दातल्या कुठल्या अक्षरावर सूर उंच जातो याला अर्थ असायचा. शेवटी उंच म्हटलं तर ‘इंद्राला मारणारा’, सुरुवातीला उंच म्हटलं तर ‘इंद्र ज्याला मारणार तो’. सूर चुकला. वृत्र जन्माला आला आणि इंद्राच्या हातून मेला. आता हे इंग्रजीसारखं अख्ख्या वाक्याच्या हेलाचं प्रकरण नाही, एका शब्दातल्या सुराचं आहे. पण ज्या देशात सुराची चूक जीवावर बेतते अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तिथे इंग्रजी शिकवताना सूर पार विसरला जावा, हे मला चमत्कारिक वाटतं.

इंग्रजांनाही स्वतःचा हेल कागदावर पकडायला वेळ लागला. १७७५ साली जोशुआ स्टील नावाच्या गृहस्थांनी लंडनमध्ये यावर पुस्तक काढलं. त्यांची युक्ती बघा. त्यांनी बास व्हायोल घेतलं, म्हणजे आपल्या सारंगीचा धिप्पाड भाऊ समजा, आणि माणूस बोलतो तसं तारेवर बोट सरकवत सूर शोधले. कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की गाण्यात आपण एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारतो, पण बोलताना घसरतो. गाणं शिकणाऱ्यांना सांगायचं तर बोलणं म्हणजे सगळी मींडच. त्या काळचा गाजलेला नट डेव्हिड गॅरिक हॅम्लेटचं स्वगत कसं म्हणतो, तेही स्टीलनी अशा खुणांनी लिहून ठेवलं. तेव्हा रेकॉर्डिंग नव्हतं, म्हणून गॅरिकच्या हेलाचा हा जवळजवळ एकमेव माग.

पुढे ग्रामोफोन आला आणि काम सोपं झालं. डॅनियल जोन्स, लंडनचे ध्वनिशास्त्रज्ञ, ग्रामोफोन लावून ऐकायचे, मधेच सुई उचलायचे आणि कानात जो शेवटचा सूर राहिला तो लिहून घ्यायचे. असं करत करत त्यांनी १९०९ मध्ये संगीताच्या रेघांवर बोलण्याच्या वळणांचं एक पुस्तकच छापलं. १९२६ मध्ये लिलियस आर्मस्ट्राँग आणि आयडा वॉर्ड या दोघींनी सगळा पसारा विद्यार्थ्यांसाठी दोन चालींत बसवला, एक उतरती आणि एक चढती. आज यूट्यूबवर जे बाणांचे व्हिडिओ बघता, त्यांची आजी म्हणजे हे पुस्तक.

म्हणजे तिकडे ज्ञान तयार होत होतं. इकडे आपल्यापर्यंत काय येत होतं?

नागपुरात इंग्रजी शाळेची सुरुवात करणारे स्टीफन हिस्लॉप. १८४५ साली नागपूरला आले, पुढच्या वर्षी शाळा काढली. त्यांच्याच नावानं १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज निघालं. हे इंग्रज नव्हते बरं का, स्कॉटिश होते, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही स्कॉटिशच. स्कॉटलंडचा हेल लंडनच्या हेलापेक्षा वेगळा. ग्लासगो, बेलफास्ट, लिव्हरपूल या शहरांत तर साधं विधानसुद्धा वर जाऊन संपतं. तेव्हा ‘इंग्रजीचा योग्य हेल’ असं जे म्हणतात, तो खरं तर दक्षिण इंग्लंडच्या एका वर्गाचा हेल आहे, आणि आमच्या गावात इंग्रजी पहिल्यांदा आली ती त्या हेलात आलीच नव्हती! हिस्लॉप वर्गात नेमके कसे बोलायचे ते आता ऐकायला मिळणार नाही, ते १८६३ मध्ये नदीत बुडून वारले आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये.

आणि शाळेत गोऱ्या मास्तरचा आवाज ऐकणारी मुलं तरी किती? बाकीच्या महाराष्ट्रानं वाघिणीचं दूध कागदावरून प्यायलं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घ्या. पिढ्याच्या पिढ्या तिच्यावर इंग्रजी शिकल्या, आणि उत्तम शिकल्या. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी वाक्य, व्याकरणाचा नियम. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक अर्ज असा लिहायचे की साहेबानं मान डोलवावी. पण परीक्षा लेखी, सरकारी नोकरी लेखी, कज्जा-खटला लेखी. हेलाला कुणी मार्कच देत नव्हतं. ज्याला मार्क नाहीत ते आपण शिकत नाही, हा आपला जुना बाणा.

तर्खडकर या आडनावातच एक मजेशीर अपवाद लपलाय. दादोबा पांडुरंग तर्खडकर म्हणजे १८३६ साली मराठीचं व्याकरण छापणारे. त्यांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग, १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन करणारे. त्यांची मुलगी अन्नपूर्णा, घरच्यांची ॲना, इंग्लंडला राहून आलेली. १८७८ साली सत्येंद्रनाथ टागोरांनी आपल्या धाकट्या भावाला विलायतेला पाठवण्याआधी मुंबईत या घरी ठेवलं. का? तर त्याची बोलायची इंग्रजी सुधारावी म्हणून. भाऊ सतरा वर्षांचा, नाव रवींद्रनाथ. शिकवणी ॲनाकडे, जी त्याच्याहून जराशीच मोठी होती. पुढे नोबेल मिळवणाऱ्या माणसाला इंग्रजी बोलायला शिकवलं ते एका मराठी मुलीनं! रवींद्रनाथांनी तिला ‘नलिनी’ नाव दिलं, वगैरे भाग सगळे रंगवून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. काकांनी भाषा कागदावर बसवली आणि पुतणीकडे लोक ती कानाने शिकायला पाठवू लागले. पण असं घर किती जणांना मिळणार होतं? ॲना १८९१ मध्ये एडिनबरोला वारली, आणि बोलून इंग्रजी शिकणं ही मोठ्या घरांचीच चैन राहिली.

मग रेडिओ आला. बीबीसीनं १९२६ मध्ये बोलण्याच्या इंग्रजीसाठी एक सल्लागार समितीच नेमली. कवी रॉबर्ट ब्रिजेस अध्यक्ष, डॅनियल जोन्स सदस्य, पुढे बर्नार्ड शॉ अध्यक्ष. १९४३ पासून बीबीसी रेडिओवरून इंग्रजीचे धडे देऊ लागली. नागपूरला आकाशवाणीचं केंद्र १९४८ चं. घरोघरी इंग्रजी आवाज पोचला तो असा. पण जरा विचार करा, रेडिओवर आपण काय ऐकलं? बातम्या आणि क्रिकेट कॉमेंट्री. बातमी देणारा कधी काही विचारतो का? तो सांगतो. वाक्य संपलं की आवाज खाली, पुढचं वाक्य, पुन्हा खाली. म्हणजे रेडिओनं आपल्याला सांगायची इंग्रजी दिली, विचारायची, वाढायची, ‘जरा सरकता का’ म्हणायची नाही. हे माझं निरीक्षण आहे, पटलं तर घ्या. पण जुन्या पिढीतला एखादा काका इंग्रजीत बोलायला लागला की बातम्या दिल्यासारखा का बोलतो, याचं मला तरी दुसरं कारण सापडलेलं नाही.

शाळेचं तर विचारूच नका. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. निर्णय धाडसी होता. पण साठ पोरांच्या वर्गात एकेकाला बोलतं कोण करणार? मग सगळे मिळून. ‘गुऽऽड मॉऽऽर्निंग टीऽऽचर’. ही चाल तुमच्या कानात आत्ता वाजली असेल, कारण गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत ती एकच आहे. ती इंग्लंडची नाही. ती पाढ्यांची चाल आहे. बे एके बे ज्या सुरात म्हटलं त्याच सुरात ‘थँक्यू टीचर’ म्हटलं. मला ती चाल आवडते, खोटं कशाला बोलू. पण त्या चालीत आभार मानता येत नाहीत, फक्त आभाराचा पाढा म्हणता येतो.

आपल्या या बोलण्याचा गंभीरपणे अभ्यास कुणी केलाच नाही, असंही नाही. अशोक केळकर हे पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ, पुढे डेक्कन कॉलेजात अनेक वर्षं होते. १९५७ साली न्यूयॉर्कच्या ‘वर्ड’ नावाच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्याचा विषयच ‘मराठी इंग्लिश’. म्हणजे मराठी माणसाच्या तोंडची इंग्रजी. ज्या काळात असलं काही वर्तमानपत्रात फक्त विनोदासाठी यायचं, त्या काळात एका मराठी अभ्यासकानं तिला नाव दिलं आणि अभ्यासाचा विषय केलं. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी केंद्रीय संस्था निघाली, तिथल्या आर. के. बन्सल यांनी भारतीयांची इंग्रजी बाहेरच्यांना कितपत समजते याचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये जे. बी. हॅरिसन यांच्यासोबत खास भारतीय विद्यार्थ्यांसाठी बोलण्याच्या इंग्रजीचं पुस्तक काढलं. ते अजून दुकानात मिळतं. त्यात चढता-उतरता सूर खुणांसकट समजावलाय. पण ते पोचलं बी.ए.च्या वर्गापर्यंत, आणि तिथेही लोकांनी त्याच्या खुणा पेपरसाठी पाठ केल्या.

आणि आता गम्पर्झकडे परत जाऊ, कारण त्यांचा एक पाय महाराष्ट्रात होता. सांगलीजवळ कुपवाड आहे. तिथे कन्नड बोलणारे जैन आणि लिंगायत, उर्दू बोलणारे मुसलमान, मराठी बोलणारे, सगळे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी कुपवाडच्या भाषांवर १९७१ साली निबंध लिहिला, तो जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो. त्यांना दिसलं ते असं की तिथली कन्नड, उर्दू आणि मराठी यांची वाक्यरचना इतकी जवळ आलीय की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवत दुसरीत नेता येतं. तरी कुणी आपली भाषा सोडली नव्हती. घरात आपली, चावडीवर मराठी. तो निबंध व्याकरणाचा आहे, हेलाचा नाही. पण कुपवाड आणि विमानतळाचं कॅन्टीन शेजारी ठेवून बघा. कुपवाडात शेकडो वर्षं एकत्र राहून सगळ्यांनीच थोडं थोडं सरकून घेतलं. कॅन्टीनमध्ये काही आठवड्यांत सरकायचं होतं, आणि पगार देणारी बाजू एकच होती.

हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात राहिलं असतं तर मी हा भाग केला नसता. आमच्या भागात चौकाचौकात ‘स्पोकन इंग्लिश’चे बोर्ड आहेत. तिकडे मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल. त्यात आता पहिली मुलाखत फोनवर होते. फोनवर तुमचा चेहरा नाही, हसू नाही, मान हलवणं नाही. उरतो काय, तर सूर. माझी एक मैत्रीण पुण्यात एका कॉल सेंटरला होती, नाव राहू द्या. तिची इंग्रजी माझ्यापेक्षा बरी, व्याकरण चोख. तिच्या कॉलच्या मार्कांच्या तक्त्यात तीन महिने एकच शेरा यायचा: ‘रूड’. तिला कळेना. ती तर प्रत्येक वाक्यात प्लीज म्हणत होती. ‘कॅन यू होल्ड प्लीज.’ (खाली). तिच्या मनात ती विनंती होती. पलीकडच्याला हुकूम ऐकू येत होता. ‘प्लीज’ खाली आपटलं की ते ‘एकदाचं’ सारखं ऐकू येतं: एकदाचे थांबा. तिला हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. त्याऐवजी तिला सांगितलं गेलं की ॲटिट्यूड सुधार.

उलटाही घोटाळा होतो, आणि तो फक्त आपलाच होतो असं नाही. मार्गारेट थॅचर मुलाखतीत बोलत असताना मुलाखतकार त्यांना सारखे मधे तोडायचे. का, याचा अभ्यास १९८२ मध्ये ‘नेचर’सारख्या विज्ञानाच्या पत्रिकेत छापून आला. बीटी, कटलर आणि पिअरसन या तिघांना आढळलं की बाईंचा आवाज वाक्याच्या मधेच असा झपकन खाली यायचा की समोरच्याला वाटायचं, झालं यांचं. तो बोलायला लागायचा आणि बाई चिडायच्या. म्हणजे ब्रिटनची पंतप्रधान, जन्मानं इंग्रज, तिलाही हा सूर नडला. फरक इतकाच की तिला कुणी ‘इंग्रजी येत नाही’ म्हटलं नाही.

तुम्ही मोबाईल नंबर सांगता तेव्हा हेच घडतं. पाच आकडे, मग पाच आकडे. पहिल्या पाचांनंतर आवाज वर टांगून ठेवला तर समोरचा थांबतो. खाली सोडला तर तो मधेच ‘ओके, पुढे?’ म्हणतो, किंवा पहिले पाच परत वाचायला लागतो. आज संध्याकाळी कुरिअरवाल्यावर प्रयोग करून बघा.

आता यात नवं वळण आलंय. सानास नावाच्या अमेरिकन कंपनीचं सॉफ्टवेअर बोलणाऱ्याचा ॲक्सेंट बोलता बोलताच बदलतं. टेलिपरफॉर्मन्स ही कॉल सेंटरच्या धंद्यातली जगातली मोठी कंपनी आपल्या भारतातल्या कर्मचाऱ्यांसाठी ते वापरतेय, अशी बातमी २०२५ च्या सुरुवातीला आली. मुलगी बोलणार इकडे, तिच्या तोंडचे शब्द वाटेत धुऊन-पुसून तिकडे पोचणार. विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये निदान दोन्ही बाजूंना बसवून टेप ऐकवली होती. सुपरवायझरला कळलं होतं की या बाईचा खाली आलेला आवाज म्हणजे उर्मटपणा नाही. बाईलाही कळलं होतं की समोरचा का आक्रसतो. सॉफ्टवेअरमध्ये कुणालाच काही कळायची गरज उरत नाही. मला विचाराल तर मी माझ्या मैत्रिणीला ‘प्लीज’ वर न्यायला शिकवेन, आणि तिचा नागपुरी ‘र’ आणि ‘ट’ आहे तसाच ठेवायला सांगेन. अख्खा ॲक्सेंट बदलायला वर्षं लागतात आणि त्यातून मिळतं फार थोडं. दोन-तीन ठिकाणी सूर कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा, हे आठवड्यात येतं.

कसं, ते थोडक्यात. फोनचा व्हॉइस रेकॉर्डर उघडा. ‘तर्री’ हा एकच शब्द तीन वेळा म्हणा. एकदा विचारताय असा, एकदा मेन्यू वाचताय असा, आणि एकदा तिसऱ्यांदा मागूनही मिळाली नाही असा. ऐका. तीन वेगळे हेल तुमच्याच गळ्यात आधीपासून आहेत, फुकट. आता त्याच तीन हेलांत ‘प्लीज’ म्हणा. मग ‘सॉरी’. ‘सॉरी’ फार मजेशीर आहे: खाली म्हणजे माफी, वर म्हणजे ‘काय म्हणालात, ऐकू आलं नाही’. ऑफिसात बॉस ओरडल्यावर ‘सॉरी’ वर गेलं तर तो पुन्हा ओरडेल, आणि तसं त्याचं चूकही नाही.

रेकॉर्डिंग आम्हाला पाठवा, चांगली असतील ती पुढच्या भागाच्या सुरुवातीला ऐकवू. पुढचा भाग पूर्ण कुपवाडवर आहे, सांगली-मिरजेकडच्या ऐकणाऱ्यांनी घरात कोण कोणाशी कुठल्या भाषेत भांडतं ते आधीच कळवून ठेवा. आणि हो, ते विमान शेवटी आलंच. ऐकू आलं?